दोन पाळ्यांचे झाड : शिवसुमन

बिदर-कलबुर्गीकडच्या मंठाळ, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि मुरमाखाली कुदळीला दाद न देणारा काळा पाषाण. हाच पाषाण पश्चिमेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, जुन्नरला, शिवनेरीचा कडा होऊन उभा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्या थरांची पूर्वेकडची कड कलबुर्गी जिल्ह्यात सापडते. शहाबाद-चित्तापूरकडे गेले की काळा दगड संपतो आणि घराघरांत फरशी म्हणून अंथरला जाणारा शहाबादी चुनखडक सुरू होतो.

नुसता दगडच नाही, पाणीही एकच. जुन्नरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस कुकडीतून घोडेला, घोडेतून भीमेला मिळतो आणि पंढरपूर मागे टाकून गाणगापूरच्या संगमावर येतो. दत्ताच्या दर्शनाआधी भाविक ज्या पाण्यात बुडी मारतात, त्यात थोडे पाणी जुन्नरच्या डोंगरांचेही असते. दगड आला, पाणी आले. पण त्या कड्यांवरची एक वनस्पती मात्र कधीच इकडे उतरली नाही. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचे मोजके कडे सोडले, तर ती जगात दुसरीकडे कुठेच आपणहून उगवत नाही. तिचे नाव शिवसुमन.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला शिवसुमन फारसे मनात भरत नाही. बोटाएवढ्या जाडीच्या, करड्या-हिरव्या, रसाळ कांड्या खडकाच्या कपारीतून बाहेर येतात, थोड्या आडव्या पसरतात आणि मग स्वतःच्या वजनाने कड्यावरून खाली लोंबतात. झाड उंच असे वाढतच नाही. पावसाळ्यात कांड्यांच्या शेंड्यांकडे जाडसर, लांबट-गोल हिरवी पाने असतात. दिवाळी उलटून कपारीतली ओल गेली की पाने पिवळी पडून गळतात आणि मागे उरतात उघड्या कांड्या. उन्हाळ्यात कड्याखालून जाणाऱ्याला त्या वाळक्या मुळ्याच वाटतील. ऑगस्टपासून पुढे पावसाच्या उत्तरार्धात मात्र त्याच कांड्यांवर दोन-अडीच सेंटिमीटरची पाच टोकांची फुले येतात. रंग गडद तांबडा, जवळजवळ काळपट, त्यावर पिवळी नक्षी आणि पाकळ्यांच्या कडांना बारीक केसांची झालर. काळ्या कड्यावर हे फूल एकदा दिसले, की पुढची दहा नजर आपोआप शोधते.

शास्त्राच्या वहीत या झाडाची नोंद झाली 1864 साली. नोंद करणारा निकोल डालझेल हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होता. त्याने आणि अलेक्झांडर गिब्सनने मिळून 1861 मध्ये मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला होता. गिब्सन हा या इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. पुण्याजवळ दापोडीला आणि जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला ज्या सरकारी बागा होत्या, त्यांचा कारभार त्याच्याकडे होता. त्यामुळे जुन्नरचा मुलूख या मंडळींच्या पायाखालचा होता. तरीही ग्रंथ छापून झाल्यावर तीन वर्षांनी डालझेलला नुसती नवी जातच नव्हे, तर अख्खी नवी प्रजाती जगापुढे मांडावी लागली. प्रजातीला त्याने तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव दिले : फ्रेरिया इंडिका.

मुंबईच्या इतिहासात फ्रेअरची ओळख कोटाच्या भिंती पाडून शहर मोकळे करणारा गव्हर्नर अशी आहे. साताऱ्याला त्याची ओळख आणखी जुनी. 1847 पासून तो तिथे रेसिडेंट होता. पुढच्या वर्षी छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, तेव्हा दत्तक वारस मान्य करावा असे त्याने वरिष्ठांना कळवले होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते ऐकले नाही आणि राज्य खालसा केले. 1877 मध्ये फ्रेअर दक्षिण आफ्रिकेत उच्चायुक्त म्हणून गेला आणि झुलू युद्धामुळे बदनाम झाला. त्याच्या नावाच्या झाडाचे सर्वाधिक भाऊबंद त्या दक्षिण आफ्रिकेतच आहेत. स्टॅपेलिया आणि तिच्या गोतावळ्याच्या शेकडो जाती तिथल्या कोरड्या माळांवर वाढतात. जवळजवळ सगळ्यांची ठेवण सारखीच : रसाळ कांड्या, ताऱ्यासारखी फुले, आणि पाने नाहीत.

याच शेवटच्या मुद्द्यावर शिवसुमन वेगळे पडते.

या गोतावळ्यातल्या झाडांनी पाने जवळजवळ सोडूनच दिली आहेत. कुठे नखाएवढा खवला, कुठे एखादा काटेरी दात, एवढीच पानाची खूण उरलेली असते. स्वयंपाक सगळा हिरव्या कांडीवर. शिवसुमनाने मात्र चांगली पाच-सात सेंटिमीटरची ठसठशीत पाने ठेवली आहेत. डालझेलला वेगळी प्रजाती करावीशी वाटली, त्यात या पानांचा वाटा मोठा होता. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलांची रचना जवळून तपासली, तेव्हा पाने असली तरी झाड आपल्याकडच्या माकडशिंगीच्या घरातलेच आहे असे दिसून आले. 1958 मध्ये गॉर्डन रोली यांनी त्याला माकडशिंगीच्या कॅरालुमा प्रजातीत घातले. अलीकडच्या वर्गीकरणात ते बोसेरोशिया या प्रजातीत गेले आहे. फ्रेअरचे नाव आता प्रजातीला नसून जातीला आहे : बोसेरोशिया फ्रेरी. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या बोलण्यात आणि रोपवाटिकांच्या पाट्यांवर मात्र फ्रेरिया अजून टिकून आहे.

ही पाने कशासाठी, याचे उत्तर 1977 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांच्या एका प्रयोगातून मिळाले. ते समजायला झाडांच्या स्वयंपाकातली एक अडचण लक्षात घ्यावी लागते. झाडाला साखर करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायचा तर पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात, आणि रंध्रे उघडली की आतले पाणी वाफ होऊन निघून जाते. ज्वारी, तूर, आंबा, कडुनिंब ही सगळी झाडे दिवसा रंध्रे उघडतात आणि गेलेले पाणी मुळांनी भरून काढतात. कड्यावरच्या झाडाला ती सोय नाही. त्याची मुळे मूठभर मातीत असतात, आणि पाऊस थांबल्यावर ती मूठभर माती थोड्याच दिवसांत कोरडी ठक्क होते.

रसाळ वनस्पतींनी यावर काढलेला तोडगा म्हणजे रात्री रंध्रे उघडायची. रात्री हवा गार असते, बाष्पीभवन कमी होते. आत आलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवायचा, दिवस उगवला की रंध्रे बंद करायची आणि साठा काढून सूर्यप्रकाशात साखर करायची. या पद्धतीला शास्त्रज्ञ ‘कॅम’ म्हणतात. हिचा सुगावा लागला तोही हिंदुस्थानातच वाढणाऱ्या एका झाडावरून. मद्रासकडे कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हायनने पानफुटीची पाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चावून पाहिली. सकाळी ती आंबटढाण लागली, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. 1813 मध्ये त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवले. रात्री साठलेले मॅलिक आम्ल दिवसभरात खर्च होते, एवढाच त्या चवीचा अर्थ. तो उलगडायला मात्र शंभरहून अधिक वर्षे गेली.

कॅमची किंमत झाडाला मोजावी लागते. रात्री साठवता येईल तेवढ्याच कार्बनवर दिवस काढायचा, म्हणजे वाढ मंद. निवडुंग वर्षानुवर्षे होता तेवढाच दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे. पाणी वाचवायचे की वाढायचे, असा हा प्रश्न आहे, आणि बहुतेक झाडांनी एकदाच काय ती बाजू घेतली आहे.

1977 च्या त्या प्रयोगात ऑटो लांगे आणि त्यांच्या सहकारी झुबर यांनी शिवसुमनाची पाने आणि कांडी वेगवेगळी मोजली, तेव्हा दोघांचा कारभार दोन तऱ्हांचा निघाला. पाने ज्वारी-आंब्यासारखी दिवसा रंध्रे उघडत होती. तांत्रिक भाषेत ती आंब्याप्रमाणे साधी सी-थ्री पाने होती. कांडी मात्र पूर्ण कॅम पद्धतीने चालत होती. एकाच झाडात पाने दिवसपाळीला आणि कांडी रात्रपाळीला. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, तेव्हा पाने भराभर कमाई करतात आणि नव्या कांड्या, कळ्या, फळे त्या कमाईवर होतात. पाणी आटले की दिवसपाळी बंद, पाने गळतात, आणि पुढचे सात-आठ महिने कांडी आपल्या पोटातल्या पाण्यावर, रात्रीच्या श्वासावर झाड नुसते जिवंत ठेवते.

सह्याद्रीच्या हवामानाला हा बेत चपखल बसतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरच्या पोटात. त्या चार महिन्यांत कड्यांवरून धबधबे कोसळतात, ढग उतरतात, दगडाला शेवाळ येते. मग पाऊस जातो आणि तोच कडा मार्च-एप्रिलमध्ये हात लावू देत नाही इतका तापतो. एवढ्या भिन्न दोन ऋतूंत नुसत्या पानांवर जगणारे झाड उन्हाळ्यात मरेल. नुसत्या कांडीवर जगणारे झाड पावसाळ्यातली संधी घालवील. शिवसुमनाने दोन्ही ठेवले.

पूर्वेकडे, पाऊस कमी आणि बेभरवशाचा होत जातो तिथे, त्याच्या चुलतभावांनी पानांचा नाद सोडलेला दिसतो. दख्खनच्या कोरड्या माळांवर, काटेरी झुडपांच्या बुडाशी, माकडशिंगी उगवते. काही भागांत तिला शिंदळमाकडी म्हणतात. चौकोनी, वर निमुळत्या होत गेलेल्या हिरव्या कांड्या, पाने जवळजवळ नाहीत, आणि शेंड्याला लहान जांभळट फुले. शेरडे वळणारी माणसे ती मोडून कच्ची खातात, कुणी मीठ-मिरचीबरोबर वाटून चटणी करते. चव तुरट-कडवट, पण तहान-भूक काही काळ दबते असा अनुभव. दुष्काळात हिने माणसे जगवली, असे जुन्या पिढीच्या तोंडून ऐकायला मिळते.

भूक दबते या गोष्टीचा बाजाराला सुगावा लागायला वेळ लागला नाही. माकडशिंगीचा अर्क भरलेल्या कॅप्सूल ‘वजन उतरवण्यासाठी’ म्हणून अमेरिकेत विकल्या जातात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेंगळुरूच्या एका चाचणीत 50 जणांपैकी काहींना रोज एक ग्रॅम अर्क आणि बाकीच्यांना बिनऔषधाची कॅप्सूल साठ दिवस देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचा कमरेचा घेर थोडा उतरला आणि भूक कमी झाली. वजनात मात्र दोन गटांमध्ये ठळक फरक आढळला नाही. जाहिरातीत अर्थातच पहिले वाक्य मोठ्या अक्षरात असते. शिवसुमनाचे नशीब एवढेच, की त्याच्यामागे असा व्यापार लागलेला नाही. ते इतके थोडे आहे, की लागला असता तर एका हंगामात संपले असते.

रसाळ झाडांचे असे हिशेब बघायला कड्यावर जायलाच हवे असे नाही. बिदर-कलबुर्गीच्या प्रत्येक शेताच्या बांधावर, तुरीच्या ओळींत, अंगणातल्या फटीत घोळ असते. जमिनीसरपट, लालसर देठाची, जाड पानांची ही भाजी उपटून वाटेवर टाकली तरी दिवसच्या दिवस वाळत नाही. पाऊस आला की पुन्हा मूळ धरते. तिची पद्धत शिवसुमनापेक्षाही वेगळी. एरवी ती ज्वारीसारखी वेगवान ‘सी-फोर’ पद्धत वापरते आणि पाण्याचा ताण पडला की त्यातच कॅमही चालू करते. 2022 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की घोळीच्या पानात या दोन्ही पद्धती एकाच पेशींमध्ये चालतात. शिवसुमनाने दोन कामे दोन अवयवांत वाटली, घोळीने एकाच पेशीत बसवली.

जगातल्या इतर डोंगरांवरही खडकाच्या फटीत राहणाऱ्या बुटक्या रसाळ फुलझाडांनी आपापले मार्ग काढले आहेत. अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगांत 1806 मध्ये शोधप्रवासी मेरिवेदर लुइसने एक गुलाबी फुलांचे झाड गोळा केले. कागदात दाबून वाळवलेले ते झाड पूर्वेला फिलाडेल्फियाला पोचले, तेव्हा त्याच्या गाभ्यात जीव असल्याचे लक्षात आले. जमिनीत लावल्यावर त्याला पालवी फुटली. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पुर्शने त्याला लुइसिया हे नाव देताना ‘पुन्हा जिवंत झालेली’ असे विशेषण जोडले. हेच पुढे माँटाना राज्याचे राज्यफूल झाले.

शिवसुमनाचे कूळ मराठी वाचकाच्या रोजच्या ओळखीचे आहे. रुई, कण्हेर, सदाफुली, तगर, करवंद ही सगळी याच कुळातली. त्यातही रुईशी त्याचे जवळचे नाते. या दोघांच्या फुलांत पराग सुटा, पिवळ्या भुकटीसारखा नसतो. तो मेणचट पिंडांच्या जोडीत बांधलेला असतो आणि ती जोडी एका इवल्याशा चिमट्याला लटकलेली असते. फुलाच्या मध्यभागी परागकोशांच्या कडा एकमेकींना इतक्या जवळ येतात, की त्यांच्यात केसाएवढी खाच तयार होते. कीटकाचा पाय, सोंड किंवा अंगावरचा राठ केस त्या खाचेत शिरला, की वर ओढताना चिमटा त्याला पकडतो आणि परागपिंडांची जोडी उपटून बाहेर येते. हाच कीटक दुसऱ्या फुलावर बसला आणि परागपिंड पुन्हा नेमक्या खाचेत अडकला, तरच फलन होते. हलका कीटक खाचेत कायमचा अडकून मरतोही. रुईच्या फुलावर असा मेलेला कीटक भिंगाखाली कधीकधी सापडतो.

स्टॅपेलियाच्या गोतावळ्यातली फुले मधमाश्यांच्या नादी फारशी लागत नाहीत. त्यांचे गिऱ्हाईक माश्या. काळपट-तांबडा रंग, मांसल पोत, कडेचे हलणारे केस आणि पुष्कळ जातींमध्ये कुजका वास, हा सगळा थाट माशीला सडके मांस वाटावे म्हणून आहे. शिवसुमनाच्या फुलाचा रंग आणि झालर याच घराण्याची. वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्यांच्या कडेचे केस थरथरतात, आणि काळ्या कड्यावर तेवढी हालचाल माशीचे लक्ष वेधायला पुरते.

एवढे करून फळ मात्र क्वचित धरते. या कुळात सर्वत्र हाच प्रकार आहे : फुले ढीगभर, फळे बोटावर मोजण्याइतकी. फळ आलेच तर बैलाच्या शिंगांसारखी दोन निमुळत्या शेंगांची जोडी असते. ती तडकली की आतून रुईसारखेच रेशमी झुपक्याचे बी निघते आणि वाऱ्यावर म्हातारी होऊन उडते. पोरांना तिच्यामागे धावायला मजा येते. झाडाच्या दृष्टीने हा जुगार असतो. माळावरच्या रुईचे बी कुठेही पडले तरी चालते. कड्यावरच्या झाडाचे बी खाली दरीत गेले तर तिथे दाट गवत आणि झाडोऱ्याच्या सावलीत ते जगत नाही, वर पठारावर गेले तर गुरे-शेरडे आहेत. पुन्हा उभ्या कातळावर, मूठभर माती साचलेल्या, पाणी न तुंबणाऱ्या फटीत पडले, तरच रोप होते.

म्हणूनच शिवसुमनाच्या जागा नकाशावर सुट्या ठिपक्यांसारख्या दिसतात. जुन्नरचा शिवनेरी, पुरंदरला लागून असलेला वज्रगड, महाबळेश्वरचे कडे, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला रंधा धबधबा, रायगड जिल्ह्यातली शिवथरघळ, अशी काही ठिकाणे अभ्यासकांच्या नोंदीत आहेत. यातली कित्येक नावे झाडामुळे नव्हे, इतिहासामुळे प्रसिद्ध आहेत. चढायला अवघड म्हणून किल्ला बांधायला योग्य, आणि चढायला अवघड म्हणून शेरडांच्या तोंडून झाड वाचले. शिवनेरीवर 1630 मध्ये शिवरायांचा जन्म झाला, त्यावरूनच झाडाचे मराठी नाव आले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या लाल यादीत त्याची नोंद आहे.

धोके मोठ्या आवाजाचे नाहीत. उन्हाळ्यात डोंगरउतारांवर लावलेला किंवा लागलेला वणवा कपारीपर्यंत पोचतो. पावसात दरड कोसळली की तिच्याबरोबर एका ठिकाणची निम्मी झाडे जातात. घाटरस्ता रुंद करताना कडा तासला जातो. किल्ल्यांवर सुशोभीकरण होते. हौशी संग्राहक कांड्या तोडून नेतात. आणि ठिपके सुटे असल्याने एका ठिकाणचे झाड संपले, तर दुसऱ्या ठिकाणाहून बी उडत येऊन ती जागा भरून निघण्याची आशा जवळजवळ नसते.

आता यातला खरा पेच. कड्यावर इतके दुर्मीळ असलेले हे झाड कुंडीत अगदी सहज वाढते. कांडीचा वीतभर तुकडा तोडायचा, कापलेल्या जागेचा चीक चार दिवस वाळू द्यायचा, आणि निचरा होणाऱ्या भुसभुशीत मातीत खोचायचा. पाणी जास्त घालून कुजवले नाही तर मुळे धरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलेही येतात. युरोप-अमेरिकेतल्या रसाळ वनस्पतींच्या हौशी मंडळींकडे ते कित्येक दशकांपासून आहे. म्हणजे झाड नाजूक नाही. त्याला हवी असलेली जागा दुर्मीळ आहे. दुर्मीळ म्हटले की आपण सहसा जातीच्या नाजूकपणाला बोल लावतो. इथे तो बोल लावता येत नाही.

मग कुंड्या वाढवल्या की झाड वाचले, असे म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी, की एका झाडाच्या शंभर कांड्या शंभर कुंड्यांत लावल्या, तरी आनुवंशिकदृष्ट्या ते एकच झाड राहते. शिवनेरीच्या आणि वज्रगडाच्या झाडांमध्ये हजारो वर्षांच्या ताटातुटीने जे बारीक फरक पडले असतील, ते अशा शंभर कुंड्यांत कुठेच नसतात. शिवाय कुंडीतल्या झाडाला माशी, कपार, वणवा, दरड यांच्याशी देणेघेणे नसते. बी उगवून रोप होण्याची जी अवघड पायरी आहे, तीच तिथे वगळली जाते.

सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ शिंदेवाडीला नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र आहे. तिथल्या टेटाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिवसुमनाच्या नैसर्गिक जागा शोधून नोंदवल्या, रोपे वाढवली आणि ती डोंगरांवर परत लावण्याचे काम केले. अशा पुनर्रोपणात रोप लावणे हा सोपा भाग. जागा निवडणे अवघड. कपार पश्चिमेच्या थेट पावसाच्या माऱ्यात नको, तरी ओल मिळायला हवी. निचरा हवा, पण माती पूर्ण वाहून जाता कामा नये. शेरडाचे तोंड पोचू नये, पण माणसाचा हात पोचायला हवा, कारण पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत त्या रोपावर लक्ष ठेवावे लागते. आणि लावलेल्या झाडांनी आपले बी आपण रुजवेपर्यंत पुनर्रोपण झाले असे म्हणता येत नाही.

मंठाळ-आळंदकडच्या वाचकाने घरी शिवसुमनाची कुंडी ठेवायची म्हटले, तर तिथले हवामान तिला मानवेल. भर दुपारचे ऊन टाळून सकाळचे ऊन, पावसाळ्यात नियमित पाणी, आणि पाने गळायला लागली की पाणी जवळजवळ बंद, एवढे पथ्य पुरते. बहुतेक कुंड्या मरतात त्या हिवाळ्यात, पाने गळालेली पाहून ‘वाळतेय’ म्हणून घातलेल्या पाण्याने. रोप मात्र रोपवाटिकेत कांडीपासून वाढवलेलेच घ्यावे. कड्यावरून तोडून आणलेला तुकडा कुणी रस्त्याच्या कडेला विकत असेल, तर तो विकत घेणे म्हणजे पुढचा तुकडा तोडायला पैसे देणे.

आणि जागेवरच पाहायचे असेल, तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरून शिवनेरीला जावे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे, त्यामुळे पायऱ्यांची ठरलेली वाट सोडून कड्यावर चढण्याची मुभा नाही, आणि ओल्या कातळावर ते शहाणपणाचेही नाही. वाटेवर थांबून दुर्बिणीने उघड्या कातळाच्या आडव्या भेगा तपासाव्यात. दोन लाव्हा-थरांच्या सांध्यात माती साचते, त्यामुळे शोध तिथून सुरू करावा. गवत आणि तेरड्याच्या गर्दीत बघत बसण्यात वेळ घालवू नये. शिवसुमन गर्दीत राहत नाही. जाड पानांच्या लोंबत्या कांड्या दिसल्या, की पानांच्या बगलेत काळपट-तांबड्या चांदण्या शोधायच्या. ढगाळ सकाळी फुले दुर्बिणीतून जास्त स्पष्ट दिसतात, कारण उन्हात ओला कातळ चमकतो आणि गडद फूल त्यात हरवते.